'कलम' फाँट आणि सारखे दिसणारे 'र'

लोणारवर शाळांसाठी पोस्टर करत होतो. शीर्षक 'कलम' फाँटमध्ये टाकलं, बरं दिसलं, म्हणून हुरूप येऊन सगळाच मजकूर त्यात लावला. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्याच एका शाळेत सातवीतल्या मुलीनं विचारलं, "सर, हे हातानं लिवलं का?" मी काही बोलायच्या आत तिनंच निकाल दिला: "नाई. 'सरोवर'मधले दोन्ही 'र' सारखेच आहेत."

कलम तुम्ही पाहिलेला आहे, नाव माहीत नसेल एवढंच. इंडियन टाइप फाउंड्रीनं 2014 मध्ये तो आणला. आरेखन लिपी रावल यांचं. देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, वजनं तीन, आणि फुकट. त्यामुळे पत्रिकांपासून यूट्यूबच्या थंबनेलपर्यंत सगळीकडे. अक्षरं उजवीकडे झुकलेली, टोकं गोलसर. वहीतल्या अक्षराचा भास चांगला होतो.

पण भासच. कारण शिरोरेघेत आहे. हातानं लिहिताना आपण बहुतेक वेळा आधी शब्द लिहितो, मग वरून एक रेघ ओढतो. ती चढते, उतरते, कधी शेवटच्या अक्षरापर्यंत पोचतच नाही. (मोडीत उलटं: आधी ओळभर रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं.) फाँटमध्ये मात्र प्रत्येक अक्षर रेघेचा आपला तुकडा सोबत घेऊन येतं आणि तो शेजाऱ्याशी नेमक्या उंचीवर जुळावा लागतो, नाहीतर शब्द तुटतो. म्हणजे हस्ताक्षराचा सगळ्यात मोकळा भागच फाँटमध्ये सगळ्यात जखडलेला. रोमन हस्ताक्षरी फाँटमध्ये अक्षरं सुटी असतील तर ही अडचण नाही. हा दोष कलमचा नाही, पण त्याची मर्यादा इथूनच सुरू होते: चार शब्दांत तो हात वाटतो, चार ओळींत यंत्र.

माझी खरी चूक तक्त्यात होती. पाण्याचा सामू 10 च्या आसपास, विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, हे आकडे त्या झुकलेल्या अक्षरांत कुणीतरी अंदाजे टिपल्यासारखे दिसत होते. मोजलेली गोष्ट मोजल्यासारखी दिसायला हवी ना! एक मित्र म्हणाला, वाचायला जड फाँटमधला मजकूर जास्त लक्षात राहतो. 2011 मध्ये 'कॉग्निशन' नियतकालिकात तसा निबंध आला होता खरा, त्यात कॉमिक सॅन्सही होता. पण पुढच्या बऱ्याच प्रयोगांत तो फायदा दिसला नाही. त्यावर पोस्टर बेतू नये.

आणखी एक. फाँट कुठलाही घ्या, मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. नाहीतर मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' फाँटमध्ये असूनही पुष्कळदा हिंदी वळणाचेच उमटतात, आणि मुलं पाटीवर गिरवतात ते वेगळे. हस्ताक्षराचा आव आणणाऱ्या फाँटमध्ये हे फारच खुपतं.

आता आतला मजकूर आणि आकडे 'मुक्त'मध्ये आहेत. शीर्षक कलममध्येच ठेवलंय. त्या मुलीला ते अजून पटलेलं नाही.