फोटोखालची ओळ

बालमजुरीचा इतिहास शिकवायचा म्हटलं की स्लाइडवर हमखास लुईस हाइनचे फोटो येतात. ते साहजिकही आहे. १९०८ पासून हाइन अमेरिकेच्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी गिरण्या, खाणी पालथ्या घालत होता. मालक आत घेईनात, तेव्हा कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढणारा बनून शिरायचा. त्या कामातले पाच हजारांहून जास्त फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. मुलुंडच्या एखाद्या शिक्षिकेला ते मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतात.

पण स्लाइडवर फोटो येतो आणि त्याखालची ओळ गळते.

सेडी फायफरचा फोटो घ्या. दक्षिण कॅरोलिनातली लँकेस्टरची कापडगिरणी, ३० नोव्हेंबर १९०८. सूतकताईच्या यंत्रांची लांबच लांब रांग आणि तिच्याशी उभी एक लहान मुलगी. फोटो देखणा आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. कृष्णधवल रंगाला एक आयता हळवेपणा असतो. आपण तो फिल्टर लावून रोज विकत नसतो, पण वापरतो. वर्ग हळहळतो, पुढची स्लाइड येते.

हाइनने खाली काय लिहिलं? नाव, उंची ४८ इंच, सहा महिने काम करते आहे. ‘बिचारी’ नाही, ‘कोवळी’ नाही. उंचीच का? कारण वय खोटं सांगितलं जायचं. म्हणून तो आपल्या कोटाच्या बटणांवरून मुलांची उंची ताडायचा आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवायचा. फोटो हा त्याच्यासाठी पुरावा होता आणि ओळीशिवाय पुरावा लंगडा. अर्थात त्याच्याही चौकटीला कडा होत्या. दक्षिणेतल्या गिरण्यांच्या या फोटोंत कृष्णवर्णीय मुलं जवळपास दिसत नाहीत, कारण तिथे यंत्रांवर बहुतेक गोऱ्यांनाच घेत.

आता हीच ओळ आपल्याकडे आणा. मुलुंडहून लोकलने पाऊण तासावर परळ-लालबाग. तिथल्या गिरण्यांतही मुलं होती. १८८१ चा कारखाना कायदा आला तेव्हा कामाला ठेवण्याचं किमान वय ठरलं सात, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मर्यादा दिवसाला नऊ तास. ही सवलत होती, बरं का! १८९१ मध्ये वय नऊ झालं, तास सात. वर्गाच्या भिंतीवर ४८ इंचांवर खडूने खूण करावी, म्हणजे साधारण दुसरी-तिसरीतल्या मुलाची उंची. शेजारी ‘सात वर्षं, नऊ तास’ लिहावं. सेडीच्या फोटोने नुसतं वाईट वाटतं; त्या खुणेपाशी उभं राहिलं की हिशेब सुरू होतो.

मग येतो उत्साही गृहपाठ: ‘आपल्या परिसरातल्या बालमजुरांचे फोटो काढून आणा.’ माझा याला ठाम विरोध आहे. एक तर सुटका झालेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव वा फोटो माध्यमांत देणं २०१५ च्या बालन्याय कायद्याने बंद केलं आहे; स्टोरीवर टाकायला तो काही सूर्यास्त नव्हे. दुसरं, फोटोला कळतच नाही. स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर एक मुलगा चटणी भरतोय. २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, मात्र शाळेनंतर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करता येते. गाडी कोणाची? वाजले किती? उद्या सकाळी तो शाळेत असेल का? कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असो, यातलं काही टिपत नाही.

आणि तो मुलगा शेजारच्या बाकावरचा असू शकतो. हाइनचे फोटो बघताना ‘ती मुलं’ म्हणणं सोपं जातं, कारण ती शंभर वर्षांपूर्वीची आणि अमेरिकेतली असतात. वर्गात मात्र शाळा सुटल्यावर आईच्या भाजीच्या टोपलीशी बसणारी मुलं हजर असतात, आणि ती गप्प असतात.

म्हणून फोटो न काढता फक्त ओळ लिहायला सांगावी: जागा, वेळ, काम, किती तास उभं. नाव नको, चेहरा नको. कोणी ती स्वतःबद्दल लिहिली असेल, तर शिक्षिकेने मोठ्याने वाचू नये.