वैद्यकीय संस्थांची संशोधन-उत्पादकता : एक टिपण

विकसनशील देशांतील वैद्यकीय संशोधनाची चर्चा बहुधा निधी व उपकरणे यांच्या अभावापाशीच थांबते. भारताच्या बाबतीत ही मीमांसा अपुरी ठरते. समीरन नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्कोपस सूचीच्या आधारे २००५ ते २०१४ या दशकातील ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांचे शोधनिबंध मोजले. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध आढळला नाही. उलट अवघ्या २५ संस्थांचा एकूण निबंधांतील वाटा ४०.३ टक्के होता.

सूचीबाहेरील नियतकालिके अशा मोजणीत येत नाहीत, आणि संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तथापि दहा वर्षांचे शून्य एवढ्याने पुसले जात नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करता करता त्यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण मात्र होते. (रुग्णांची वाण आपल्या कोणत्या महाविद्यालयात आहे?)

भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी मूळ संशोधनपर निबंध आणि तेही पहिल्या दोन लेखकांपुरतेच ग्राह्य धरले. लेखकांच्या लांबलचक याद्यांना त्यामुळे आळा बसावा, हे योग्यच. परंतु या नियमाने रुग्णवृत्तान्त बाद ठरविले, आणि नोंद ठेवण्याची सवय ज्या लेखनातून लागते ते नेमके तेच होते.