बी.कॉम. आणि डॉट कॉम

डॉट कॉममधला ‘कॉम’ आणि माझ्या बी.कॉम.मधला ‘कॉम’ हे चुलतभाऊ आहेत. दोघेही व्यापाराच्या घराण्यातले आणि दोघांचं दुर्दैवही एकच. नावाला ‘कॉम’ चिकटला म्हणून व्यापार येतोच असं नाही. मी ही पदवी घेऊन गेली बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. तेव्हा प्रस्तुत विषयावर टीका करण्याचा अधिकार मला आहे, असं मी समजतो. आमची ही तसं समजत नाही. पण ते असो.

निमित्त झालं आमच्या भाच्याचं. एका रविवारी सकाळीच आला आणि पोह्यांची बशी हातात घेत म्हणाला, “मामा, एक नाव घ्यायचं आहे.”

लग्नाच्या वयाचा मुलगा नाव घ्यायचं म्हणाला की माणसाला उखाणाच आठवतो. मी आनंदाने विचारलं, “कुणाचं?”

“कुणाचं काय? डोमेन नेम! इंटरनेटवरचं नाव. एकदम प्रीमियम आहे. चार लाखांना मिळतंय. घ्यायचं, डेव्हलप करायचं आणि कोटीला विकायचं. आईची एफडी मोडावी लागेल, तेवढं तू बघ.”

पोहे माझ्या घशात अडकले. ती एफडी म्हणजे भावोजी गेल्यावर आलेले विम्याचे पैसे. पावती मीच केली होती. सही करताना अक्काचा हात थरथरत होता, हे काउंटरच्या अलीकडून मी पाहिलं होतं.

मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि बी.कॉम.च्या परीक्षेलाही केला नव्हता इतका अभ्यास केला.

आधी भाच्याची बाजू. चांगल्या नावाला भाव असतो, यात शंका नाही. १९९५ सालापर्यंत ही नावं चक्क फुकट मिळत होती. आपल्याकडे तेव्हा कुणाला सुचलं नाही. आपण टेलिफोनच्या नंबरासाठी रांगेत होतो. ‘कँडी डॉट कॉम’ हे नाव अमेरिकेतल्या एका नामांकित नावविक्याने २००२ साली लाखाच्या आसपास डॉलर देऊन घेतलं आणि २००९ साली ३० लाख डॉलरला विकलं. पण बारकाईने पाहा. त्याने त्या नावावर गोळ्या-चॉकलेटं विकली नाहीत, त्याने नाव विकलं. कागदाचे पुडे बांधण्याचं काम दुसऱ्यावर सोपवलं. शहाणा माणूस!

डेव्हलप करून दाखवणारेही आहेत. ‘बिझनेस डॉट कॉम’ १९९९ साली ७५ लाख डॉलरला घेतलं गेलं, तेव्हा लोक हसले. घेणाऱ्यांनी त्यावर व्यापाऱ्यांची सूची उभी केली, जाहिराती मिळवल्या आणि २००७ साली तो धंदा सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरला गेला. घेतला तो पिवळ्या पानांच्या डिरेक्टऱ्या छापणाऱ्या एका कंपनीने. ती २००९ साली दिवाळखोरीत गेली. कर्ज इतकं होतं की नाव बिचारं काय करणार?

आणि ‘पेट्स डॉट कॉम’? कुत्र्या-मांजरांचं खाणं विकायला याहून सुटसुटीत नाव कोणतं? २००० सालच्या फेब्रुवारीत शेअर विकून त्यांनी सव्वाआठ कोटी डॉलर उभे केले आणि नोव्हेंबरात दुकानाला कुलूप लावलं. कुत्र्याच्या खाण्याची जड पोती पडत्या भावात घरपोच द्यायची, हा त्यांचा हिशेब. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने तो पाहून पेन्सिल कानामागे ठेवली असती. नाव शेवटी प्रतिस्पर्ध्याने घेतलं.

उलट ‘फेसबुक’ पाहा. आधी नावामागे एक ‘द’ होता. धंदा चालायला लागल्यावर २००५ साली त्यांनी २ लाख डॉलर मोजले आणि ‘द’ गाळला. आधी गिऱ्हाईक आलं, मग नाव घासूनपुसून घेतलं.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. नावात पैसे गुंतवणारा माणूस हा स्वभावाने लॉकरवाला असतो. धंदा करणारा चालू खात्यावाला. लॉकरवाला वर्षातून एकदा येतो, आत डोकावतो आणि समाधानाने घरी जातो. चालू खात्यावाला रोज चेक वटला का विचारून माझं डोकं खातो. नाववाल्याकडे नावं तीनशे. साधं नाव राखायलाही वर्षाला बाराशे रुपये धरले तर साडेतीन लाखांवर खर्च. या तीनशे दुकानांची शटरं सकाळी उघडणार कोण? म्हणून तो जाहिरातींची पाटी टांगून झोपतो, किंवा पाच-पन्नास उसने लेख चिकटवून ‘डेव्हलप केलं’ म्हणतो. नुसत्या नावाच्या जोरावर शोधात वर येणाऱ्या असल्या पानांना गूगलने २०१२ साली खाली ढकललं. तीनशेतलं एक धरून बाकीचं विसरणारा यशस्वी होतो. पण मग तो गुंतवणूकदार राहत नाही, दुकानदार होतो.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “मामा, तू आयुष्यात एक तरी दुकान काढलंस का?”

उत्तर नव्हतं. आमची ही स्वयंपाकघरातून हसली, ते स्पष्ट ऐकू आलं.

“नाही काढलं,” मी म्हणालो. “पण तू काढ. हजार रुपयांचं कुठलंही नाव घे. पैसे मी देतो. अक्काची भाजणी आणि मेतकूट विक. वर्षभराने गिऱ्हाईकं दाखव, एफडी मी स्वतः मोडतो.”

दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या महिन्यात अक्काच्याच नावाने दुकान निघालं. पहिल्या अकरा ऑर्डरींपैकी चार माझ्या होत्या. आम्ही अजून थालीपीठंच खातो आहोत.

एफडीची मुदत या मार्चमध्ये संपली. अक्काने पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, “चाळीस हजार त्याला दे, बाकीची पुन्हा ठेव. मोठी घरघंटी घ्यायची म्हणतोय. हातांनी पुरवठा होत नाही आता.”

मी फॉर्म पुढे केला. या वेळी सही सरळ आली.