'मोकळी' जमीन : मुंबईच्या गिरणी-नियमाची चिकित्सा

कायद्याचा मसुदा हाही एक लेखनप्रकार आहे आणि काव्याप्रमाणेच त्यातही एखाद्या विशेषणाच्या जागेवर पुष्कळ काही अवलंबून असते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील १९९१ चा अठ्ठावन्नावा नियम या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या होत्या. त्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत, असे या नियमाने ठरविले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी व एक मालकासाठी. मालकाने त्यातून मिळणारा पैसा आजारी गिरणीच्या पुनरुज्जीवनाकडे लावावा, अशी त्यामागील कल्पना होती. म्हणजे उद्योग जगावा हा हेतू मुळात होता. मात्र तो पैशाच्या तरतुदीत होता, जमिनीच्या वाटणीत नव्हता. चौथा वाटा, म्हणजे उद्योगाचा, नियमाने मांडलाच नाही.

२००१ मधील दुरुस्तीने वाटणी केवळ 'मोकळ्या' जमिनीपुरती राहिली. जुनी बांधकामे पाडून रिकामी होणारी जागा तीत धरावयाची नव्हती. सामान्य वाचकाला पाडलेल्या इमारतीखालची जमीन मोकळीच वाटेल. नियमाच्या भाषेत ती तशी उरली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेला निर्णय मालकांस प्रतिकूल होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये दुरुस्तीचा अर्थ मालकांच्या बाजूने मान्य केला. या वादात उद्याने, घरे व मालकाचा हक्क यांविषयी भरपूर बोलले गेले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने केलेला आराखडाही मुख्यतः नगररचनेचा होता. ज्या कामामुळे ही जमीन घडली, ते काम तेथे दुसऱ्या रूपात चालू शकेल काय, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

वास्तविक हा प्रश्न परका नव्हता. मुंबईची गिरणी ही स्वतःच बहुमजली उद्योगाचे उत्तम उदाहरण होती. साचाखाते सामान्यतः तळमजल्यावर, कारण मागांचे हादरे वरच्या मजल्यांस सोसवत नाहीत. त्यावर उत्तरेकडून उजेड घेणारे करवती छप्पर. सूत कातण्याची खाती मात्र एकावर एक मजल्यांत रचलेली. अवजड यंत्रे पेलणाऱ्या त्या तक्तपोशी आणि जाड भिंती हलक्या उद्योगास सहज पुरल्या असत्या. गिरणगावातच, लोअर परळच्या गल्ल्यांतून, औद्योगिक गाळ्यांच्या अनेक मजली इमारतींत छपाई, शिवणकाम, सुटे भाग यांचे लहान कारखाने चालत होते. मालवाहू उद्वाहनातून कच्चा माल वर जाई आणि तयार माल खाली येई. हाँगकाँगने १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशाच मजल्या-मजल्यांच्या कारखान्यांत झोपडवस्तीतील उद्योग सामावून घेतले. मुंबईत नमुना दाराशी असून तो नियमकारांना दिसला नाही, ही त्रुटी दृष्टीची आहे.

यावर आक्षेप घेता येतो. रंगखात्यांच्या व तेलाच्या अवशेषांनी माती दूषित असते. दाट वस्तीत यंत्रांचा आवाज, धूर, आगीची भीती असते. आक्षेप खरा आहे. परंतु मातीची शुद्धी घरांसाठीही करावी लागतेच, किंबहुना अधिक काटेकोरपणे.

तथापि सर्वांत जड आक्षेप भावाचा आहे. परळच्या जमिनीला मॉल व कचेऱ्या जो दर देतात, तो गाळा देऊ शकत नाही. म्हणूनच नियमाची गरज होती. बाजार जे करणार नाही त्यासाठीच नियम लिहिला जातो. उद्योगासाठी एक मजला राखून ठेवण्याचे वाक्य मसुद्यात आले असते, तर त्याची किंमत मालकाने जमीन घेतानाच हिशेबात धरली असती.

या उणिवेचा भार मुंबईपुरता राहत नाही. शहरातील वापरलेली जमीन उद्योगाला नाकारली की तो नव्या जमिनीकडे, पसरट एकमजली शेडकडे वळतो. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या, आदिवासीबहुल व शेतीवर जगणाऱ्या नंदुरबार जिल्ह्यात अशी जागा मागितली जाते तेव्हा ती बहुधा कोणाच्या तरी पिकाची अथवा चराईची असते. तेथील मनुष्याच्या मते ती जमीनही 'मोकळी' नसते.