सात कड्यांची साखळी

ॲन्ड्रॉइडवर ॲप लिहिणाऱ्या बहुतेकांनी ओकेएचटीटीपी ही नेटवर्किंगची लायब्ररी वापरलेली असते. तिचा सोर्स उघडून वाचणारे मात्र थोडे. कार्डाचे पैसे फोनवर स्वीकारण्याची सोय करणाऱ्या स्क्वेअर या अमेरिकी कंपनीची ही निर्मिती. तिची 1.0 आवृत्ती 2013 साली आली आणि त्याच वर्षीच्या ॲन्ड्रॉइड 4.4 मध्ये ती खुद्द सिस्टिमच्या नेटवर्किंगच्या पोटात जाऊन बसली. एवढा इतिहास पुरे. ती वाचावी ती तिच्या घडणीसाठी, आणि सुरुवात करावी ‘रिअलकॉल’ या फाइलमधल्या एका छोट्या फंक्शनपासून.

चौथ्या आवृत्तीतलं हे फंक्शन एक यादी तयार करतं. आधी तुमचे स्वतःचे इंटरसेप्टर, म्हणजे रिक्वेस्ट आणि उत्तर वाटेत हाताळणारे कोडचे तुकडे. मग पुन्हा प्रयत्न आणि रिडायरेक्ट सांभाळणारा. मग हेडर भरणारा, मग कॅशे बघणारा, मग कनेक्शन मिळवणारा. त्यानंतर पुन्हा तुमचे, या वेळी नेटवर्कच्या अगदी जवळ. शेवटी प्रत्यक्ष सर्व्हरशी बोलणारा. सात नोंदी, आणि सगळ्यांचा इंटरफेस एकच. लायब्ररीने स्वतःसाठी वेगळा राजमार्ग राखून ठेवलेला नाही. जी जागा तिच्या कोडला, तीच तुमच्या कोडला. रिक्वेस्ट एकेका कडीतून पुढे सरकते आणि उत्तर त्याच कड्यांतून उलट्या क्रमाने परततं, आरोहात लागलेला प्रत्येक स्वर अवरोहात पुन्हा लागावा तसं.

खरा रस आहे तो क्रमात. तुमचे इंटरसेप्टर दोन ठिकाणी का? पहिल्या जागेवरचा रिडायरेक्टच्या अलीकडे उभा असतो. खाली सर्व्हरने तीनदा इकडून तिकडे धाडलं तरी त्याला एकच रिक्वेस्ट आणि एकच उत्तर दिसतं. दुसऱ्या जागेवरचा पलीकडे असतो, म्हणून त्याला प्रत्येक फेरी दिसते. कॅशेतून उत्तर मिळालं तर मात्र या दुसऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण कॅशे त्याच्या आधी येऊन गेली. हे नियम कुठल्याही अटीत लिहिलेले नाहीत. ते जागेतूनच निघतात. इतक्या कमी शब्दांत इतकं वर्तन ठरवणारा कोड मी फार क्वचित वाचला आहे.

हेडर भरणाऱ्या कडीतला एक बारकावा मला विशेष आवडतो. तुम्ही काही सांगितलं नसेल तर ती सर्व्हरकडे जीझिप मागते, आलेला मजकूर स्वतः उलगडते आणि तुमच्या हाती साधं उत्तर ठेवते. पण ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ हेडर तुम्ही स्वतः लिहिलंत की ती हात लावत नाही. उलगडण्याचं काम तुमचं. ज्याने मागितलं त्याने निस्तरावं, हा हिशेब चोख आहे. रिडायरेक्टच्या कडीत 20 वेळांची मर्यादा आहे आणि ती का, हे शेजारच्या टिपणीत दिलं आहे: क्रोम 21 वेळा जातो, फायरफॉक्स 20, सफारी 16. नुसता आकडा टाकून पुढे जाता आलं असतं. लिहिणाऱ्याने कारणही ठेवलं.

या घडणीचं फळ टेस्टमध्ये हाती येतं. लायब्ररीसोबत ‘मॉकवेबसर्व्हर’ मिळतो. नावात मॉक असला तरी तो खोटा ऑब्जेक्ट नव्हे. तुमच्याच मशीनवर खरं पोर्ट उघडून बसलेला खरा एचटीटीपी सर्व्हर आहे. त्याला उत्तरं आधी रांगेत लावून द्यायची: हे 200, हे 500, हे अर्ध्यावर तुटणारं, हे थेंबाथेंबाने येणारं. ॲपच्या कोडमध्ये बदल एकच, पत्ता त्याचा द्यायचा. एपीआय कॉलसाठी रेट्रोफिट ही लायब्ररी वापरत असाल तर तो पत्ता एकाच ठिकाणी लिहिलेला असतो. मग सातही कड्या खऱ्याखुऱ्या चालतात, फोन किंवा एम्युलेटर नसतानाही. शेवटी सर्व्हरला विचारायचं, तुझ्याकडे काय पोहोचलं? पाथ, हेडर, बॉडी, सगळं तो दाखवतो. मोबाइलचं नेटवर्क लिफ्टमध्ये शिरताच जातं, उत्तर अर्धवट येतं; अशा प्रसंगी ॲप काय करतं हे वापरणाऱ्याच्या आधी आपल्याला कळायला हवं, आणि इथे ते कळतं.

उणिवाही आहेत. खऱ्या सॉकेटमुळे या टेस्ट साध्या नकली ऑब्जेक्टपेक्षा सावकाश चालतात. 2019 साली 4.0 मध्ये लायब्ररी कोटलिनमध्ये गेली आणि जावात लिहिणाऱ्यांनाही कोटलिनची स्टँडर्ड लायब्ररी सोबत घ्यावी लागली. शिवाय इंटरसेप्टर इतके सोपे आहेत की ॲपचं व्यावसायिक लॉजिकही लोक त्यांत कोंबतात. तरीही तिला मी हलकीच म्हणेन. तिचं हलकेपण फाइलच्या आकारात नाही, डोक्यात धरून ठेवाव्या लागणाऱ्या कल्पनांच्या संख्येत आहे.

वाचून झाल्यावर एक टेस्ट जरूर लिहा. सर्व्हरच्या रांगेत आधी 503 लावा आणि त्याच्या ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये शून्य ठेवा. मागून 200 लावा. 503 आल्यावर ही लायब्ररी एरवी पुन्हा विचारत नाही, पण या शून्यामुळे विचारते. सर्व्हरकडे दोन रिक्वेस्टची नोंद होईल, आणि यादीत पहिल्या जागी बसवलेल्या तुमच्या इंटरसेप्टरने एकच पाहिलेली असेल.