डिरेक्टरीवरचा ‘एक्स’ आणि ७७७ची सवय

संशोधनासाठी सामायिक सर्व्हरवर काम सुरू केलंत की ‘पर्मिशन डिनाइड’शी गाठ पडणारच. गटातल्या कुणाच्या तरी डेटा डिरेक्टरीत सीडी करून जायचं असतं आणि शेल अडवतं. मग शेजारून सल्ला येतो, “सीएचमॉड ७७७ मार, होऊन जाईल.” होतंही. पण या सल्ल्याचं मूळ, माझ्या मते, आपल्याला पर्मिशन शिकवल्या जातात त्या पद्धतीत आहे.

बहुतेक ट्युटोरियल्स रीड, राइट, एक्झिक्यूट हे शब्द फाइलच्या उदाहरणाने समजावतात आणि तिथेच थांबतात. मग डिरेक्टरी ‘एक्झिक्यूट’ करायची म्हणजे काय करायचं? डिरेक्टरी ही नावांची वही आहे, असं समजा. वहीतली यादी वाचणं म्हणजे ‘आर’. नावं लिहिणं-खोडणं म्हणजे ‘डब्ल्यू’. आणि एखादं नाव धरून त्या फाइलपर्यंत पोचणं म्हणजे ‘एक्स’. पॉझिक्स मानकात डिरेक्टरीच्या या परवानगीला ‘सर्च’ म्हणतात. हा एक शब्द आधी सांगितला असता तर निम्मा गोंधळ टळला असता.

स्वतःच करून बघा, फक्त रूट म्हणून नको. डिरेक्टरीवर एक्स ठेवा, आर काढा: सीडी चालेल, एलएस चालणार नाही, पण नाव माहीत असलेली आणि वाचायची परवानगी असलेली फाइल उघडेल. आता उलट करा: एलएस नावं दाखवेल, पण आत जाता येणार नाही.

म्हणजे रचना चांगली आहे, तिचं नाव फसवं आहे. त्यात एरर मेसेजही अपुरा. पाथमधल्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्स लागतो, पण नेमकं कुठे अडलं ते शेल सांगत नाही. मग माणूस वैतागून सगळंच उघडं टाकतो.

त्याची किंमत बघा. फाइल डिलीट करणं म्हणजे वहीतलं नाव खोडणं. तिथे फाइलची नाही, डिरेक्टरीची परवानगी तपासली जाते. म्हणून ७७७ असलेल्या डिरेक्टरीपर्यंत पोचू शकणारा कुणीही तुमची ४४४ केलेली फाइलसुद्धा उडवू शकतो. तीन वर्षांचा डेटा ‘रीड-ओन्ली’ केलाय म्हणून निर्धास्त राहू नका. होम डिरेक्टरी ७७७ केलीत तर ओपनएसएसएच नेहमीच्या सेटिंगमध्ये तुमची की-सुद्धा नाकारतं. म्हणजे परक्यांना दार उघडं आणि तुम्हीच बाहेर!

तेव्हा सीडी अडलं की आधी लिनक्सवर ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या. प्रत्येक पायरीची परवानगी ओळीने दिसेल. जिथे एक्स नाही तिथेच, आणि ज्या ग्रुपला गरज आहे त्यालाच, तो द्या. ती डिरेक्टरी दुसऱ्याची असेल तर त्याला नेमकी कुठली परवानगी हवी ते सांगा. “सगळं उघडं कर” असं सांगू नका.