दहा गुंठे आणि ताटातले लोह

श्री. अ. दाभोळकरांचे 'विपुलाच सृष्टी' शिक्षकांनी वाचावे, असे आम्ही अनेकदा सुचवले आहे. सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून शेतीकडे पाहायला या गणिताच्या माणसाने शिकवले. प्रयोग परिवारामुळे तासगावचे द्राक्षबागाईतदार स्वतः प्रयोग करून एकमेकांना शिकवू लागले. पण कऱ्हाडशेजारच्या मलकापुरात, कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात हा विचार तपासताना आम्ही एका जागी अडतो.

पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, ही त्यांची गाजलेली मांडणी. ती फळ्यावर पडताळता येते. दहा गुंठे म्हणजे सुमारे 1000 चौरस मीटर. आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सरासरी 4300 किलोकॅलरींच्या आसपास ऊन पडते. त्यातले 1 टक्का पानांनी साठवले तरी रोजचे 43,000 किलोकॅलरी होतात. माणशी 2200 धरल्यास कुटुंबाची गरज 11,000 ची, म्हणजे साठवणीचा चौथा हिस्सा खाण्याजोगा निघाला की भागले! वर्षभर जमीन हिरव्या पानांनी झाकलेली हवी, ही अट मात्र कडक आहे. आपली बहुतेक राने उन्हाळ्यात उघडीच असतात.

तरीही आमचा आक्षेप या अटीवर नाही, मोजपट्टीवर आहे. नुसत्या उष्मांकांनी मोजू गेल्यास पहिला नंबर उसाचा लागेल. त्याचे प्रकाशसंश्लेषण ज्वारी-मक्यासारखेच कार्यक्षम, आणि आडसाली ऊस रानात दीड वर्ष हिरवा उभा. पण साखरेत ना प्रथिने, ना लोह, ना जीवनसत्त्वे. दाभोळकर उसाची भलावण करतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या हिशेबातून पोषणाचे उत्तर निघत नाही, एवढेच म्हणतो. ते न निघणे परवडणारे नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 68.9 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण 53.8 टक्के होते. कारणे लोहाच्या कमतरतेपलीकडचीही आहेत, जंत आणि आजारपणे त्यात आली. पण ताटाला वगळून चालणार नाही.

जमीन आणि ताट यांना जोडणारा दुवा जुन्या मिश्रपिकात होता. ज्वारी-बाजरीत तूर, मटकी, हुलगा पेरत. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते धान्य भरून काढते. त्याच तुरीच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नत्र बांधतात. हरभऱ्याचे रोप मुळांसकट काढून एक गाठ नखाने फोडून मुलांना दाखवा. आत गुलाबी दिसेल. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या, लोहयुक्त द्रव्याचा! असा पाठ पुस्तकात सहसा सापडत नाही. 'पिके' आणि 'संतुलित आहार' वेगवेगळ्या प्रकरणांत नांदतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वाफ्यात उगवत नाही: ब12 जीवनसत्त्व. त्यासाठी दूध, अंडी, मासे असे काही लागतेच. म्हणून दहा गुंठ्यांत गाय किंवा कोंबड्या बसवायच्या, तर त्यांच्या चाऱ्या-दाण्याची जमीन वरच्या हिशेबात मिळवावी लागेल.

शाळेच्या परसबागेच्या वहीत आपण बहुधा किती किलो भाजी निघाली ते लिहितो. शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: त्या दिवशी कोणती डाळ शिजली आणि लिंबू पिळले का. 'क' जीवनसत्त्वाने वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते, आणि जेवणाबरोबरच्या चहाने कमी.